आधी वजाबाकी, मग वाद: मुंबई इंडियन्सची यादी लिलावाआधी कशी तपासावी

‘ह्याला काढा, त्याला घ्या’ हे वाक्य नोव्हेंबरात विरार फास्टपासून गिरगावच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यात दोन गोष्टी हमखास गाळलेल्या असतात. ह्याला काढून नेमके किती पैसे सुटतात आणि तो दुसरा तेवढ्यात येतो का? या दोन प्रश्नांची उत्तरं हाताशी असली की निम्मे वाद जागीच मिटतात आणि उरलेले खरोखर रंगतात.

ही उत्तरं काढायला एक कागद, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. उदाहरणासाठी डिसेंबर २०२५ मध्ये अबूधाबीला झालेला आयपीएलचा मिनी लिलाव (संघ बरेचसे खेळाडू कायम ठेवून उरलेल्या जागा भरतात तो छोटा लिलाव) घेऊ. त्याची उत्तरं आता सगळ्यांसमोर आहेत, त्यामुळे पद्धत बरोबर आहे की नाही हे लगेच ताडून बघता येतं.

कागदावर काय लिहायचं

प्रत्येक खेळाडूपुढे पाच गोष्टी लिहायच्या: किंमत, देशी की परदेशी, फलंदाजीचा क्रमांक, गोलंदाजी असेल तर कोणत्या षटकांत, आणि तो संघात आला कसा. म्हणजे लिलावातून, ट्रेडमधून (लिलावाबाहेर दुसऱ्या संघाशी थेट व्यवहार करून) की जखमी खेळाडूच्या बदली. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच फसतात.

२०२५ चंच बघा. भारत-पाकिस्तान तणावामुळे मे महिन्यात आयपीएल आठवडाभर थांबली, अंतिम सामना ३ जूनपर्यंत पुढे गेला आणि परदेशी खेळाडूंच्या तारखा विस्कटल्या. विल जॅक्स इंग्लंडच्या संघात गेला, रायन रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश दक्षिण आफ्रिकेसोबत कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला गेले. त्यांच्या जागी जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरित असलंका आले. बेअरस्टोने एलिमिनेटरमध्ये २२ चेंडूंत ४७ ठोकल्यावर ‘याला आता सोडू नका’ असं अख्खी मुंबई म्हणत होती. पण खंडानंतर घेतलेले हे बदली खेळाडू तात्पुरते होते. त्यांना पुढच्या वर्षासाठी कायम ठेवायची नियमातच सोय नव्हती. याउलट बॉश आणि रघु शर्मा हेही बदलीच, पण खंडाच्या आधी घेतलेले, म्हणून ते ठेवता आले आणि ठेवलेही. ‘कसा आला’ हा रकाना भरलेला असता तर बेअरस्टोवरच्या चर्चेत कुणाची संध्याकाळ वाया गेली नसती.

किंमती लिहिताना एक सावधगिरी बाळगा. ट्रेडमध्ये किंमत बदलू शकते. रवींद्र जडेजा चेन्नईत १८ कोटींचा होता, राजस्थानने त्याला १४ कोटींवर घेतलं. जुना आकडा डोक्यात ठेवून बेरीज केली की चार कोटींची चूक होते.

बेरीज

मेगा लिलावाआधी (मोजकेच खेळाडू ठेवून बाकी संघ नव्याने बांधायचा तो मोठा लिलाव) मुंबईने पाच जण ठेवले: जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६.३५, रोहित शर्मा १६.३०, तिलक वर्मा ८. एकूण बरोबर ७५ कोटी. २०२६ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम, होती १२५ कोटी. म्हणजे पाच माणसांत ६० टक्के रक्कम गेली आणि उरलेल्या २० जागांसाठी ५० कोटी राहिले. सरासरी अडीच कोटी. मुंबईच्या यादीवर बोलताना हा अडीचचा आकडा कपाळावर गोंदवून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. कुणी दहा कोटींचा खेळाडू सुचवला की त्याने आपोआप आणखी तीन जणांचा सरासरी वाटा खाल्ला.

आता पुढची बेरीज. ट्रेंट बोल्ट १२.५०, दीपक चहर ९.२५, विल जॅक्स आणि नमन धीर प्रत्येकी ५.२५, अल्लाह गझनफर ४.८०, मिचेल सँटनर २, रिकल्टन १, बॉश ०.७५, रॉबिन मिंझ ०.६५. अश्वनी कुमार, राज बावा आणि रघु शर्मा तिघे ०.३० चे, म्हणजे ०.९०. हे झाले ४२.३५. त्यात ट्रेडने आलेले: शेरफेन रदरफोर्ड २.६०, शार्दुल ठाकूर २, मयंक मार्कंडे ०.३०. म्हणजे ४.९०. सगळं मिळून ७५ + ४२.३५ + ४.९० = १२२.२५ कोटी.

१२५ मधून वजा करा. हातात २.७५ कोटी. लिलावाच्या टेबलावर मुंबईने नेमकी एवढीच रक्कम घेऊन बसकण मारली होती. तुमची बेरीज जाहीर झालेल्या पर्सशी जुळत नसेल तर बोलायला सुरुवात करू नका. कुठेतरी एखादं नाव सुटलंय किंवा किंमत जुनी आहे.

इथे हटकून एक वाक्य येतं: ‘अंबानींकडे पैशाची काय कमी आहे?’ कमी नाही, पण उपयोगही नाही. पर्सची मर्यादा सगळ्या दहा संघांना सारखी आणि कडक आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे वाक्य चालतं. तिथे ठरावीक रकमेपुढे खर्च केला तर कर भरावा लागतो, पण खर्च करता येतो. शिवाय करारातले पैसेही पुढे ढकलता येतात. लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीशी ७० कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार केला आणि त्यातले ६८ कोटी करार संपल्यानंतर द्यायचे ठरवले. आयपीएलमध्ये अशी उधारी नाही. सामन्यामागे मिळणारं साडेसात लाखांचं मानधन पर्सच्या बाहेर असतं, पण खेळाडूची किंमत पूर्ण आत.

पैशासोबत जागाही मोजा. संघात जास्तीत जास्त २५, कमीत कमी १८, त्यात परदेशी जास्तीत जास्त ८. वरची नावं मोजलीत तर २० भरतात. परदेशी सात: बोल्ट, जॅक्स, गझनफर, सँटनर, रिकल्टन, बॉश, रदरफोर्ड. म्हणजे पाच जागा मोकळ्या, त्यात परदेशी फक्त एक. पाच जागा, पावणेतीन कोटी. एवढं कळलं की लिलावाच्या दिवशी ‘कॅमेरून ग्रीनला परत आणा’ म्हणणाऱ्याला (तो २५.२० कोटींना गेला) उत्तर द्यायचीही गरज उरत नाही.

कुणाला सोडल्याने किती सुटतं

सुटणारी रक्कम म्हणजे खेळाडूची किंमत नव्हे. त्याच्या जागी कुणीतरी आणावाच लागतो आणि सगळ्यात स्वस्त माणूसही ३० लाखांचा असतो. ५० लाखांच्या कर्ण शर्माला सोडून मुंबईला प्रत्यक्षात सुटले २० लाख. ३० लाखांच्या विघ्नेश पुथुरला सोडून पैशाच्या हिशोबात शून्य. अशा वेळी सोडण्याचं कारण पैसा नसतं, जागा असते. म्हणून ‘एवढ्या स्वस्तातला पोरगा का सोडला?’ या प्रश्नाला पर्सकडे बोट दाखवून चालत नाही. त्याची भूमिका कुणाला दिली ते बघावं लागतं. मुंबईने मार्कंडेला त्याच ३० लाखांत आणलं, म्हणजे फिरकीची जागा रिकामी ठेवलीच नाही. विघ्नेशला ठेवायला हवं होतं असं मत असू शकतं. पण ते मत ‘मार्कंडेपेक्षा विघ्नेश बरा’ असं मांडा, ‘फुकटात घालवला’ असं नको.

मोठ्या किंमतीचं उलट. ९.२५ कोटींच्या चहरला सोडा, असं म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी पॉवरप्लेत (पहिल्या सहा षटकांत) चेंडू हलवणारा भारतीय वेगवान गोलंदाज हवा, आणि बाजारात सगळ्यात महाग माल तोच. याच लिलावात ३० लाखांच्या मूळ किंमतीचा जम्मू-काश्मीरचा औकिब नबी ८.४० कोटींना दिल्लीकडे गेला. चहर सोडून नबी आणला असता तर ८५ लाख वाचले असते, तेही त्याच किंमतीवर बोली थांबली असती तर. मुंबई बोलीत उतरली असती तर ती तिथे थांबली नसती.

‘सोडा आणि स्वस्तात परत घ्या’ ही सगळ्यांची आवडती युक्ती. कागदावर झकास दिसते. पण मिनी लिलावात राइट टू मॅच कार्ड (दुसऱ्याच्या बोलीची बरोबरी करून आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क) नसतं, त्यामुळे सोडलेला खेळाडू म्हणजे सुटलेला खेळाडू. चेन्नईने १३ कोटींच्या मथीशा पथिरानाला सोडलं आणि कोलकात्याने त्याला १८ कोटींना उचललं. कोलकात्याने २३.७५ कोटींच्या व्यंकटेश अय्यरला सोडलं, त्याची किंमत खरंच ७ कोटींवर आली, पण तो गेला बंगळूरला. एकदा भाव चढला, एकदा कोसळला, आणि दोन्ही वेळा खेळाडू हातचा गेला. ही युक्ती सुचवायची तर सोबत सांगा: त्या भूमिकेसाठी बाजारात आणखी कोण आहे आणि कोणाच्या पर्समध्ये किती आहे.

षटकांचा तक्ता: इथे वेळ घालवा

यादीचा खरा कस फलंदाजीत लागत नाही. मुंबईकडे वरचे सहा फलंदाज बहुतेकदा असतातच आणि त्यावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं. यादी फाटते ती गोलंदाजीत. म्हणून २० षटकं तीन खणांत लिहा: पहिली सहा, मधली नऊ, शेवटची पाच. मग अकरा जण ठरवा आणि षटकं वाटा.

समजा अकरा असे: रोहित, रिकल्टन, जॅक्स, सूर्या, तिलक, हार्दिक, नमन, सँटनर, चहर, बोल्ट, बुमराह. परदेशी चार, कोटा भरला. षटकं अशी पडतील:

पहिली सहा: बोल्ट ३, चहर २, बुमराह १.
मधली नऊ: सँटनर ४, हार्दिक २, जॅक्स २, बुमराह १.
शेवटची पाच: बुमराह २, बोल्ट १, हार्दिक १, चहर १.

छान जमलं. आता बुमराहच्या नावावर काट मारा. ही कल्पनेतली गोष्ट नाही. पाठीच्या दुखण्यामुळे तो २०२३ चा पूर्ण हंगाम खेळला नाही आणि २०२५ चे सुरुवातीचे सामनेही त्याने घालवले. चार षटकं मोकळी झाली आणि त्यातली दोन सगळ्यात अवघड. बॉशला आणायचं? तो परदेशी, मग चारातला एक बाहेर. जॅक्सला बाहेर काढलं तर मधली दोन षटकं गेली आणि तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाजही गेला. रिकल्टनला काढलं तर यष्टीरक्षक गेला, म्हणजे मिंझला आणा, म्हणजे सलामीला कोण? एक काट मारली आणि तीन जागा हलल्या. भारतीय पर्याय उरतात शार्दुल आणि अश्वनी. अश्वनीने वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध पदार्पणातच २४ धावांत ४ बळी घेतले होते, पण एका सामन्याच्या आठवणीवर शेवटची षटकं सोपवायची का, हा वाद मात्र घालण्यासारखा आहे.

शार्दुलचा २ कोटींचा ट्रेड या तक्त्यावर ठेवून बघा. ‘शार्दुल धावा देतो’ ही तक्रार खोटी नाही. पण भारतीय वेगवान गोलंदाज, आठव्या क्रमांकावर फलंदाजी, किंमत दोन कोटी, ही तिन्ही खणं एकत्र भरणारा माणूस लिलावात मुंबईच्या पर्समध्ये मिळाला असता का? आमच्या मते नाही. रदरफोर्डच्या बाबतीत आम्ही इतके ठाम नाही. डाव संपवणारा डावखुरा फलंदाज हवा होता हे खरं, पण त्याला खेळवायचं तर परदेशी चारातल्या कुणाला बसवायचं, याचं सरळ उत्तर तक्त्यात मिळत नाही.

इम्पॅक्ट प्लेअरचा नियमही (सामना चालू असताना अकरांतल्या एकाच्या जागी बदली खेळाडू आणता येतो) याच तक्त्यात धरा. अकरांत चार परदेशी असतील तर नंतर येणारा बदली खेळाडू भारतीयच असावा लागतो. म्हणजे तुमची यादी प्रत्यक्षात आठ भारतीय आणि चार परदेशी अशी बारा जणांची असते. आठवा भारतीय कोण, हा प्रश्न विचारा. ज्या संघाकडे याचं उत्तर अडखळत येतं तो संघ कागदावर कितीही भारी दिसला तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत उघडा पडतो.

मुंबईकर इथे एक चूक सवयीने करतात. संघ वानखेडेपुरता निवडतात. वानखेडेची लाल माती, उसळी, संध्याकाळी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हलणारा नवा चेंडू, दुसऱ्या डावातलं दव, आखूड सीमारेषा, हे सगळं बरोबर. पण साखळीतल्या १४ सामन्यांपैकी घरचे सातच. चेन्नईच्या चेपॉकवर किंवा लखनौला त्याच यादीतून दुसरा संघ उभा राहतो का, तेही बघा. दोन तक्ते करा: एक वानखेडेचा, एक संथ खेळपट्टीचा. दुसऱ्यात सँटनरच्या जोडीला गझनफर आला तर परदेशी चारातला कोण बाहेर जातो?

ट्रेडचं गणित

ट्रेडच्या अफवा ऐकताना तीन गोष्टी विचारायच्या. घेणाऱ्याकडे पैसे आहेत का, जागा आहे का, आणि परदेशी असेल तर परदेशी जागा आहे का. खेळाडूची संमतीही लागते, पण ती बाहेरून कळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईचंच आहे. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी गुजरातने कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिक पंड्याचं नाव होतं. ‘बघा, अफवाच होती’ म्हणून लोक झोपले. दुसऱ्या दिवशी तो १५ कोटींत मुंबईचा झाला. मधल्या वेळेत मुंबईने ग्रीनला १७.५० कोटींना बंगळूरला दिलं होतं. त्याशिवाय हार्दिकसाठी पर्समध्ये जागाच नव्हती. धडा असा की कायम ठेवलेल्यांची यादी म्हणजे शेवटचा शब्द नाही. ट्रेडची खिडकी त्यानंतरही, लिलावाच्या आठवडाभर आधीपर्यंत उघडी असते. आणि मोठा ट्रेड होणार असेल तर त्याआधी दुसरा एखादा मोठा खेळाडू बाहेर पडताना दिसतो. तो दिसत नसेल तर ‘सूत्रांच्या’ बातमीवर पैज लावू नका.

संघ एकमेकांना वरची फी देतात ती बहुधा जाहीर होत नाही आणि पर्समधूनही जात नाही. त्यामुळे ‘हार्दिकसाठी शंभर कोटी मोजले’ यासारख्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. ते ना सिद्ध होतात ना खोटे पडतात. यादीवर परिणाम होतो तो फक्त पगाराचा.

गटात वाद लावायची पद्धत

सहा ते दहा जण असतील तर उत्तम. नियम एकच, पण कडक पाळायचा: ‘घ्या’ म्हणणाऱ्याने त्याच वाक्यात ‘सोडा’ कोण ते सांगायचं आणि दोघांच्या किंमती सांगायच्या. नाही सांगितल्या तर सगळ्यांना कटिंग त्याच्या खात्यावर. दोन-तीन कटिंगनंतर माणसं आपोआप गणिताला लागतात.

प्रत्येकाने आपली २० जणांची यादी, उरलेली पर्स आणि षटकांचे दोन तक्ते आधी पाठवायचे. मग दुसऱ्याने त्यातला कुठलाही एक खेळाडू ‘जखमी’ करायचा आणि यादी बनवणाऱ्याने दोन मिनिटांत नवे अकरा सांगायचे. बुमराह, हार्दिक आणि यष्टीरक्षक या तिघांवर हा प्रयोग जरूर करा. ज्याची यादी तिन्ही वेळा उभी राहते त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं.

रोहितवरून भांडण होणारच. त्याला वेगळा वेळ द्या, नाहीतर तासभर तेच चालतं. एवढंच ठरवून घ्या की १६.३० कोटी सलामीच्या फलंदाजाचे मोजायचे की शिवाजी पार्कपासून वानखेडेपर्यंतच्या प्रेमाचे. दोन्ही मोजता येतात, पण एकाच रकान्यात नाही.

आकडे आणताना कुठले आणायचे तेही ठरवा. स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) आणि सरासरी भूमिकेशिवाय निरुपयोगी. सलामीवीराचा १४० आणि सतराव्या षटकात येणाऱ्याचा १४० यांची तुलना होत नाही. गोलंदाजाचा इकॉनॉमी रेट, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावा, तीन खणांत वेगवेगळा काढा. आठ धावांचा दर पॉवरप्लेत ठीक, शेवटच्या पाचांत सोन्यासारखा, मधल्या नवांत फिरकीपटूसाठी महाग. एखाद्याने शेवटच्या पाच षटकांत हंगामभरात दहाच षटकं टाकली असतील तर त्या दरावर काहीच ठरवू नका. एक वाईट षटक सगळा आकडा फिरवतं.

सय्यद मुश्ताक अली करंडक ही देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा याच दिवसांत असते आणि नवी नावं तिथूनच येतात. तिथल्या धावा बघताना तो कोणत्या क्रमांकावर खेळला आणि समोर कोणती गोलंदाजी होती हे बघा. रणजीच्या धावांना टी-ट्वेंटीत तसाच भाव देऊ नका. विदर्भाच्या दानिश मालेवारने रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ केल्या, त्यातून त्याचा दर्जा कळतो. पण आयपीएलमध्ये तो कोणत्या षटकात, कोणत्या वेगाने खेळेल, हे त्यातून कळत नाही.

लिलावाच्या दिवशी

आपल्या पर्सआधी दुसऱ्यांची बघा. २०२५ च्या डिसेंबरात कोलकात्याकडे ६४.३० कोटी होते, चेन्नईकडे ४३.४०, हैदराबादकडे २५.५०. मुंबईकडे २.७५. या परिस्थितीत पहिल्या तासात मुंबईच्या टेबलाकडे बघण्यात अर्थ नसतो. मोठ्या पर्सवाले कुठे अडकतात ते टिपा. चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या भारताकडून न खेळलेल्या दोघांवर प्रत्येकी १४.२० कोटी घातले. त्या एका तासात नव्या भारतीय खेळाडूंचा भाव छोट्या पर्सच्या आवाक्याबाहेर गेला आणि मुंबईला ३० लाखांतल्या, ज्यांच्यासाठी दुसरं कुणी हात वर करत नाही अशा नावांवर भिस्त ठेवावी लागली.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. ग्रीनसाठी कोलकात्याने २५.२० कोटी लावले. मिनी लिलावात परदेशी खेळाडूला मिळणाऱ्या रकमेवर १८ कोटींची मर्यादा होती, म्हणून त्याला १८ मिळणार आणि वरचे ७.२० बीसीसीआयकडे जाणार. पण कोलकात्याच्या पर्समधून पूर्ण २५.२० गेले. ‘म्हणजे १८ चाच पडला की’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा.

मुंबईने त्या दिवशी काय केलं? क्विंटन डी कॉक १ कोटी, आणि मालेवार, मोहम्मद इझहार, अथर्व अंकोलेकर, मयंक रावत प्रत्येकी ३० लाख. एकूण २.२०, शिल्लक ५५ लाख, जागा पंचवीस पूर्ण. डी कॉकवर लगेच टीका झाली: रिकल्टन असताना दुसरा डावखुरा, आफ्रिकन, यष्टीरक्षक-सलामीवीर कशाला? २०२५ च्या बाद फेरीचे दिवस आठवा. रिकल्टन कसोटी अजिंक्यपदासाठी गेला आणि ऐनवेळी यष्टीरक्षक शोधावा लागला. डी कॉक कसोटी क्रिकेटमधून २०२१ मध्येच निवृत्त झालाय, म्हणजे कसोटीसाठी तरी तो जाणार नाही. आठव्या परदेशी जागेचा हा वापर आम्हाला पटतो. ज्यांना तिथे आणखी एक वेगवान गोलंदाज हवा होता त्यांचंही चुकत नाही, फक्त १ कोटीच्या आसपास तो कोण, ते नाव सांगावं.

लिलाव संपला की कागद फाडू नका. ट्रेडची खिडकी पुन्हा उघडते, पण त्याच लिलावात घेतलेल्या खेळाडूंचा त्यात समावेश नसतो. हंगाम सुरू झाल्यावर जखमींच्या बदली येतात आणि बदलीला मूळ खेळाडूपेक्षा जास्त पैसे देता येत नाहीत. बेअरस्टो ५.२५ ला, ग्लीसन १ कोटीला आणि असलंका ७५ लाखांना आला, कारण ते अनुक्रमे जॅक्स, रिकल्टन आणि बॉशचे आकडे होते. म्हणून यादीतल्या प्रत्येक परदेशी खेळाडूपुढे मार्चमध्ये दोन गोष्टी पेन्सिलीने लिहून ठेवा: मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या देशाचा कुठला दौरा आहे, आणि तो गेला तर किती रकमेपर्यंत बदली आणता येईल.